जुन्या फोर-बाय-फोर गाडीसाठी पॉवर स्टिअरिंगचा पंप कसा निवडावा

पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात तेलाने माखलेला पंप वर्तमानपत्रात गुंडाळून आणणाऱ्या माणसाला काउंटरवर पहिला प्रश्न ऐकू येतो तो म्हणजे ‘गाडी कोणती?’ गाडी बोलेरो किंवा जुनी थार असेल, तर या प्रश्नाला सरळ उत्तर असते आणि दुकानदार मागच्या मांडणीवरून डबा काढून देतो. गाडी महिंद्रा एमएम ५४० असेल, तर मात्र उत्तर देऊनही काही साधत नाही. प्युजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची ही गाडी साध्या स्टिअरिंगची. आज तिच्यावर जे पॉवर स्टिअरिंग दिसते ते नंतर कोणीतरी बसवलेले असते. बॉक्स एका गाडीचा, पंप दुसऱ्या गाडीचा, पुली लेथवर वळवलेली आणि ब्रॅकेट कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याने ठोकलेले, असा तो सगळा संसार असतो, आणि तो मांडणारा मेस्त्री आता भेटेलच अशी खात्री नसते.

म्हणून या लेखात गाडीच्या नावापासून सुरुवात केलेली नाही. पंप गाडीचा नसतो, तो स्टिअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे नेणाऱ्या गिअरच्या पेटीचा असतो. बॉक्सला किती तेल लागते आणि किती दाब सोसवतो हे दोन आकडे हातात आले की निम्मी निवड तिथेच होते. उरलेली निवड फिरण्याची दिशा, पुली, आटे आणि पाइप यांवर ठरते. माझी स्वतःची गाडी एमएम ५४० असल्यामुळे उदाहरणे तिच्याभोवतीची आहेत, परंतु पद्धत कोणत्याही जुन्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) स्टिअरिंगच्या गाडीला लागू पडते.

आधी पंपच गेला आहे ना, हे पाहावे

स्टिअरिंग जड झाले की बोट पंपाकडे जाते, आणि बऱ्याच वेळा ती आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत असते. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, दोन्ही चाके जमिनीपासून सुटी करावीत. पिटमन आर्मपासून (बॉक्समधून निघणारी दांडी) ड्रॅग लिंक (तिथून चाकांकडे जाणारी दांडी) सोडवावी आणि चाक हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहावे. ते इथेच अडखळत असेल तर दोष किंगपिनच्या (चाक ज्यावर वळते त्या खुंटीच्या) बेअरिंगमध्ये किंवा दोन्ही चाके जोडणाऱ्या टाय रॉडच्या बॉल जॉइंटमध्ये आहे आणि जगातला कोणताही पंप तो दूर करणार नाही. चाके हलकी फिरत असतील तर ड्रॅग लिंक सुटीच ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग फिरवावे. एका पूर्ण फेऱ्यात ते दोनदा जड आणि दोनदा हलके लागले तर स्टिअरिंग शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलेला आहे असे समजावे. कोकणात किंवा मावळात दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत हा जॉइंट हटकून धरलेला असतो.

त्यानंतर बेल्ट पाहावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फुल लॉकला, म्हणजे वळण्याच्या शेवटच्या टोकाला नेल्यावर बेल्ट किंचाळत असेल, त्याच्या कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील किंवा तो पुलीच्या खाचेत तळाला टेकला असेल, तर आधी बेल्ट बदलून पाहावा. टाकीचे झाकण उघडून तेल पाहावे. फेस असेल तर हवा शिरते आहे, आणि ती बहुधा टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या मऊ नळीच्या क्लॅम्पमधून शिरते. ही नळी ओढणारी असल्यामुळे तिच्यातून तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते; जमिनीवर एक थेंबही नसताना पंप रडत राहतो तो यामुळे. तेलात चंदेरी झाक दिसली तर मात्र पंपाच्या आतला धातू झिजून बाहेर येऊ लागला आहे.

स्टिअरिंग एकाच दिशेला जड असेल तर संशय बॉक्समधल्या व्हॉल्व्हवर घ्यावा, पंपावर नव्हे. पंपाला डावे-उजवे कळत नाही. आयडलिंगला जड आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हलके होत असेल तर पंपाची झीज किंवा घसरणारा बेल्ट ही दोन कारणे उरतात. सकाळी ठीक आणि तासभर चालल्यावर जड होत असेल, तर तेल गरम होऊन पातळ झाल्यावर ते आतल्या आत कुठेतरी निसटते आहे. ते पंपात निसटते की बॉक्समध्ये, हे मात्र गेज लावल्याशिवाय सांगता येत नाही.

सहा महिने उभ्या असलेल्या गाडीबाबत एक सावधगिरी सांगायला हवी. पंपाच्या रोटरमधल्या पात्या जुन्या, चिकट तेलामुळे खाचांतच अडकून बसतात आणि पंप मेल्यासारखा वागतो. ताजे तेल भरून, इंजिन काही वेळ आयडलिंगपेक्षा थोडे वर चालवून, मग निर्णय घ्यावा. अशा दोन पंपांना मी स्वतः भंगारात जाता जाता परत आणले आहे.

गेज लावून मोजणी

दाब मोजण्यासाठी २०० बारपर्यंतचा (बार हे दाबाचे एकक) हायड्रॉलिक गेज, त्याच्या पुढे एक बंद-चालू व्हॉल्व्ह आणि दोन जोड लागतात. ट्रॅक्टर व जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्या दुकानात हे सगळे एका जागी तयार करून मिळते. पंप आणि बॉक्स यांच्यामधल्या दाबाच्या पाइपमध्ये ही जुळणी अशी बसवावी की तेल आधी गेजपाशी आणि मग व्हॉल्व्हमधून बॉक्सकडे जाईल. हा क्रम उलटा झाला तर मोजणी निरर्थक होते.

तेल गरम झाल्यावर, चाके सरळ, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि इंजिन आयडलिंगला ठेवून पहिला आकडा घ्यावा. तो साधारण ५ ते ९ बार असावा. १४ बारच्या पुढे गेला तर कुठेतरी अडथळा आहे: परतीची नळी पिळलेली आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा पाइपचे आतले रबर सुटून दरवाजासारखे आडवे येत आहे. दुसऱ्या पायरीत व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून गेजवरचा सर्वांत मोठा आकडा वाचावा आणि लगेच उघडावा. बंद ठेवण्याचा वेळ पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, कारण त्या काळात सगळे तेल पंपाच्या आतच घुसळले जाऊन तापते. असे तीनदा करावे. तिन्ही आकडे एकमेकांच्या तीन-चार बारच्या आत आणि अपेक्षित दाबाइतके आले तर पंप उत्तम आहे. आकडे मोठे पण विस्कळीत आले तर पंपातला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह अडकत आहे, तो काढून धुतला तर बहुधा सुधारतो. आकडे एकसारखे पण कमी आले तर आधी तो व्हॉल्व्ह तपासावा, आणि तो स्वच्छ असूनही आकडा वाढला नाही तर पंप झिजला आहे.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि इथेच पैसे वाया जातात. व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टिअरिंग डाव्या आणि मग उजव्या फुल लॉकला न्यावे आणि दाब पाहावा. व्हॉल्व्ह बंद असताना ८५ बार देणारा पंप फुल लॉकला ५५ बारच दाखवत असेल, तर पंप निर्दोष आहे आणि बॉक्सच्या पिस्टनची सील तेल सोडत आहे. अशा गाडीत नवा पंप घातला तर काही दिवस बरे वाटते, कारण नवा पंप गळती भरून काढण्याइतके तेल ढकलतो, आणि मग दुखणे परत येते.

पंपाच्या आत काय चालते

अशा गाड्यांत बहुतेक पात्यांचा पंप असतो. लंबवर्तुळाकार कड्याच्या आत रोटर फिरतो, रोटरच्या खाचांतल्या पात्या बाहेर सरकून कड्याला घासत जातात आणि दोन पात्यांमधली जागा मोठी-लहान होत असताना तेल ओढले आणि ढकलले जाते. एका फेऱ्यात किती घन सेंटिमीटर तेल ढकलले जाते हा पंपाचा मूळ आकडा. इंजिनाचा वेग वाढला की तेलही त्याच प्रमाणात वाढेल आणि महामार्गावर स्टिअरिंग बोटाने फिरेल इतके हलके होईल, म्हणून बाहेर पडण्याच्या वाटेवर एक बारीक छिद्र आणि स्प्रिंगवरचा व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या प्रवाहापेक्षा जास्त झालेले तेल तो पंपाच्या आतच परत वळवतो. अनेक पंपांत याच व्हॉल्व्हच्या पोटात दाबाची मर्यादा राखणारी गोळी आणि स्प्रिंग असते.

प्रवाह आणि दाब यांची गल्लत ही पंप निवडताना होणारी सर्वांत महाग चूक. प्रवाहामुळे स्टिअरिंग किती भरभर फिरवता येते ते ठरते. दाबामुळे ते किती जोर लावते ते ठरते. झटकन फिरवताना मध्येच दगडासारखे अडत असेल तर प्रवाह कमी आहे. सावकाश फिरवतानाही दगडात रुतलेले चाक हलत नसेल तर दाब अपुरा आहे किंवा बॉक्सचा पिस्टन लहान आहे.

बॉक्सला किती तेल लागते

हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. समजा, बॉक्स सील बदलण्यासाठी उघडला आहे आणि व्हर्नियरने पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर भरला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर होते. स्टिअरिंगच्या एका फेऱ्यात पिस्टन १२ मिलिमीटर सरकत असेल तर एका फेऱ्याला सुमारे ४६ घन सेंटिमीटर तेल लागेल. अवघड वळणावर माणूस सेकंदाला साधारण सव्वा फेरा फिरवतो असे धरले, तर मिनिटाला सुमारे साडेतीन लिटर झाले. बॉक्समधली आतली गळती आणि थोडी शिल्लक म्हणून दीड ते दोन लिटर वर धरावेत. म्हणजे या बॉक्सला इंजिन आयडलिंगला असतानाच पाच ते साडेपाच लिटर मिळायला हवेत. आयडलिंगलाच का, तर जंगलातल्या वाटेवर, दगडांमधून लो गिअरमध्ये रांगताना इंजिन त्याच वेगावर असते आणि स्टिअरिंगचे खरे काम तिथेच असते.

आता पंपाकडून हिशेब करावा. एका फेऱ्याला ७ घन सेंटिमीटर देणारा पंप आहे, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडल होते, क्रँकची आणि पंपाची पुली दोन्ही १३० मिलिमीटर व्यासाच्या आहेत. कागदावर ५.६ लिटर मिळतात. पण दाबाखाली पात्यांच्या कडेने तेल निसटते, म्हणून त्यातले सुमारे ८३ टक्के धरावेत, म्हणजे ४.६ लिटर. हे अपुरे आहे. त्याच पंपाला ११० मिलिमीटरची पुली लावली तर तो ९४५ फेऱ्यांवर फिरतो आणि गळती वजा जाता जवळपास साडेपाच लिटर देतो. म्हणजे कधी कधी पंप नव्हे, पुली बदलायची असते. उलट बाजूही पाहावी: इंजिन ४००० फेऱ्यांवर गेले की हा पंप ४७०० च्या पुढे फिरेल, तेव्हा त्या पंपाला इतका वेग मान्य आहे ना, हे विचारून घ्यावे.

बॉक्स उघडलेला नसेल तर तो मुळात कोणत्या गाडीचा आहे ते त्याच्यावरच्या पट्टीवरून किंवा ओतीव अक्षरांवरून शोधावे आणि त्या गाडीच्या पंपाचे आकडे प्रमाण मानावेत. भारतातले असे बरेच बॉक्स दोन-चार कारखान्यांतूनच आलेले असतात. पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुकला झेडएफ स्टिअरिंग गिअर इंडियाचा कारखाना आहे, चेन्नईचा राणे समूह याच धंद्यात आहे. त्यामुळे बॉक्सवरचा क्रमांक साफ वाचता आला तर त्याची माहिती सहसा मिळते. पितळी ब्रश आणि थोडे डिझेल हाताशी ठेवावे. तीस वर्षांच्या चिखलाखाली तो क्रमांक असतोच.

दाबाच्या बाबतीत ‘जास्त ते चांगले’ नव्हे

बऱ्याच पंपांवर कमाल दाब बारमध्ये आणि मर्यादित प्रवाह लिटरमध्ये कोरलेला असतो, शिवाय दिशेचा बाण असतो. बॉक्सला सोसवणारा दाब आणि पंपाचा कमाल दाब एकच असावा, किंवा पंपाचा किंचित कमी असावा. हे मला कळले ते नुकसान झाल्यावर. माझ्या बॉक्सची मर्यादा ८५ बार होती. एका दुकानात ‘हा घ्या, मोठ्या गाडीचा आहे, दणकट आहे’ म्हणून ११० बारचा पंप गळ्यात मारला गेला, आणि मीही खुशीत तो बसवला. तीन आठवडे स्टिअरिंग लोण्यासारखे चालले. मग भोरकडून वरंध घाटाच्या दिशेने जाताना एका कच्च्या वाटेवर, गाडी उलटी घेत फुल लॉकला टेकवली असताना दाबाच्या पाइपचे क्रिंप केलेले (धातूची बांगडी दाबून आवळलेले) टोक सुटले आणि तेलाचा फवारा थेट एक्झॉस्टवर उडाला. क्षणात बॉनेटमधून पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर. आग लागली नाही हे नशीब. स्टिअरिंगचा सांधा यांत्रिक असल्यामुळे गाडी वळत राहिली, पण चार माणसांचे बळ एका दांडीवर लावल्यासारखी.

त्या दिवशी चूक पाइपची नव्हती. फुल लॉकला पिस्टन पुढे सरकू शकत नाही, त्यामुळे दाब पंपाच्या मर्यादेपर्यंत चढतो आणि सगळे तेल मर्यादेच्या व्हॉल्व्हमधून घुसळले जाते. ८५ बार आणि मिनिटाला ८ लिटर यांचा गुणाकार ६०० ने भागला की सव्वाअकराशे वॅट येतात, म्हणजे कपड्यांच्या एका इस्त्रीहून थोडी जास्त उष्णता त्या मूठभर तेलात. ११० बारला ती दीड हजार वॅटच्या जवळ जाते. म्हणून फुल लॉकला पाच सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवू नये, हे सर्वच पंपांना लागू आहे.

पंपातल्या व्हॉल्व्हच्या आतले वॉशर काढून दाब वाढवता येतो किंवा बाहेरच्या जोडातले छिद्र मोठे करून प्रवाह वाढवता येतो. हे दोन्ही उद्योग गेज हाताशी नसताना करू नयेत.

फिरण्याची दिशा, पुली आणि ब्रॅकेट

पात्यांचा पंप एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेला असतो. शाफ्टकडे तोंड करून पाहिल्यावर तो घड्याळाच्या दिशेने की उलट, हे काउंटरवरच ठरवावे. समोरून पाहता इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरते आणि पंपाची पुलीही पुढेच असेल, तर पंपही तसाच हवा. पण पंप शाफ्ट मागच्या बाजूला करून टांगलेला असेल किंवा मुळात इंजिनाच्या गिअरवर चालणारा असेल, तर दिशा बदलू शकते. बाहेरून दोन्ही पंप जुळ्या भावांसारखे दिसतात.

शाफ्टचे टोक हा पुढचा मुद्दा. काही पंपांना चावी आणि नट असलेला शाफ्ट असतो, काहींना पुली नुसती दाबून बसवलेली असते, आणि अवजड वाहनांच्या काही पंपांना पुलीच नसते, ते गिअरला जोडले जातात. जुन्या गाडीसाठी मला चावी-नटचा प्रकार सोयीचा वाटतो, कारण लेथवाला त्यासाठी हव्या त्या व्यासाची पुली सहज वळवून देतो. दाबून बसवलेली पुली पुलरने काढावी आणि स्क्रूच्या साधनानेच बसवावी. तिच्यावर हातोडा मारणारा मेस्त्री दिसला तर पंप त्याच्या हातातून काढून घ्यावा. तो ठोका शाफ्टवाटे रोटरपर्यंत पोहोचतो आणि नवा पंप गाडीत बसण्याआधीच जुना होतो.

पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे सरळ पट्टी लावून पाहावे. मिलिमीटरभराचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर बेल्ट कडेने खाल्ला जातो. व्ही-बेल्टच्या पंपाला उभ्या खाचांच्या सपाट बेल्टची पुली लावण्याचा हट्ट करू नये. ब्रॅकेट इंजिन ब्लॉकला किमान दोन दिशांनी आवळलेले असावे. आयडलिंगला फुल लॉकवर हा पंप बेल्टमधून जवळपास एक किलोवॅट ओढतो आणि तो ओढा ब्रॅकेटवर दर वळणाला धक्क्यासारखा येतो. पातळ पट्टीचे ब्रॅकेट वेल्डिंगच्या कडेला तडकते. ब्रॅकेट बनवून घेताना बेल्ट ताणण्यासाठी लांबट खाच आणि ओढणारा बोल्ट मागून घ्यावा. पहार घालून पंप ढकलत बेल्ट ताणण्याची पद्धत पंपाच्या पत्र्याच्या टाकीला चेपवते.

आटे, नळ्या, टाकी आणि तेल

दाबाच्या तोंडाचे आटे मोजल्याशिवाय पंप विकत घेऊ नये. एम १४ × १.५, एम १६ × १.५ आणि एम १८ × १.५ हे नेहमी भेटणारे आटे आहेत. परदेशी जुन्या जीपच्या सॅगिनॉ पंपांवर इंचाचे आटेही असतात. इंचाचा बोल्ट मिलिमीटरच्या भोकात दोन फेरे जातो आणि मग सगळे आटे घेऊन बाहेर येतो. बँजो बोल्ट (आतून पोकळ, तेल वाहून नेणारा बोल्ट) असेल तर तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घ्यावेत. ओ-रिंगचा जोड असेल तर तो ओ-रिंगवरच बंद होतो. तिथे टेफ्लॉनची टेप गुंडाळली तर तिचा तुकडा सुटून फ्लो कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

टाकी पंपावरच आहे की वेगळी, यावर बॉनेटखालची जागा ठरते. वेगळी टाकी मला बरी वाटते, कारण ती उंच लावता येते आणि तेल पाहणे सोपे जाते. मात्र तिची नळी आतून १६ ते १९ मिलिमीटरची, तेलाला चालणाऱ्या रबराची आणि वर-खाली वेटोळे न घेता उतरणारी असावी. रेडिएटरच्या पाण्याची नळी इथे लावली तर ती आतून फुगते आणि ओढीने चपटी होते.

तेल टाकीच्या झाकणावर लिहिल्याप्रमाणे घ्यावे. आपल्याकडच्या अशा बहुतेक पंपांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) चालते, काही परदेशी पंपांना हिरवे खास तेल लागते, आणि ही दोन एकत्र करू नयेत. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये. त्याने सगळी सील फुगून वाया जातात.

नवा, दुरुस्त केलेला की भंगारातला

ज्या बॉक्ससाठी नवा पंप मिळतो, त्यासाठी नवाच घ्यावा, असे माझे मत आहे. दुरुस्त केलेला पंप घ्यायचा तर फक्त सील बदलली आहेत की कडे, रोटर आणि पात्यांचा संचही बदलला आहे, हे विचारावे. सील किटने गळती थांबते, दाब परत येत नाही. उघडून दाखवण्याची तयारी असेल तर कड्याच्या आतून नख फिरवावे. गुळगुळीत असेल तर ठीक. बारीक लाटा लागल्या तर तो कितीही रंगवलेला असो, परत ठेवावा.

मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा नाशिकच्या एखाद्या गोदामात अपघातात गेलेल्या गाडीचा पंप स्वस्तात मिळतो. तिथे तीन गोष्टी पाहाव्यात. शाफ्ट हाताने फिरवला तर सलग, थोड्या ओढीने फिरावा. मध्येच टाचणी अडकल्यासारखा थांबत असेल तर नको. शाफ्ट वर-खाली हलवून पाहावा. खेळ जाणवला तर बुश गेलेले आहे. आणि तोंडातून बोट घालून आतले तेल पाहावे. गंजाचा तांबूस गाळ असेल तर पंपात पाणी गेलेले आहे. पंपासोबत त्याच गाडीची पुली, ब्रॅकेट आणि पाइपचे दोन्ही जोड मागून घ्यावेत; सुटा पंप दोनशे रुपयांनी स्वस्त पडतो आणि जोड शोधताना दोन शनिवार जातात.

बसवताना

जुन्या पंपातून धातूची चूर निघाली असेल तर परतीची नळी टाकीपासून सोडवून बाटलीत सोडावी, टाकीचे ते तोंड बंद करावे, आणि चाके उचललेल्या स्थितीत, इंजिन बंद ठेवून, ताजे तेल ओतत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहावे. बाटलीत येणारे तेल स्वच्छ होईपर्यंत हे थांबवू नये. दीड-दोन लिटर तेल जाते. नव्या पंपाच्या मानाने ते स्वस्त आहे. परतीच्या वाटेवर एक छोटा फिल्टर कायमचा बसवावा.

नवा पंप कोरडा चालवू नये. त्यात तेल भरून, दाबाचे तोंड वर ठेवून, शाफ्ट योग्य दिशेने हाताने फिरवावा. बुडबुडे थांबून नुसते तेल आले की पाइप जोडावेत. सगळे आवळल्यावर, चाके अजून उचललेलीच असताना, इंजिन न लावता स्टिअरिंग वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत सावकाश न्यावे आणि टाकीतली पातळी भरत राहावी. मग इंजिन दहा सेकंद चालवून बंद करावे आणि तेल पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर तासभर तसेच सोडून द्यावे. घाईने इंजिन चालवत राहिले तर हवा आणखी बारीक घुसळली जाते आणि सुटतच नाही. ही पायरी पूर्ण झाल्याशिवाय पंप आवाज करतो म्हणून दुकानात परत नेणारे लोक मी पाहिले आहेत.

गाडीला मोठे टायर असतील तर परतीच्या वाटेवर छोटा कूलर लावण्याचा विचार करावा. रेडिएटरच्या पुढे पाठ टेकवून बसवलेली पातळ पट्ट्या (फिन) लावलेली साधी नळीही पुरते. टाय रॉडवर मदतीचा सिलिंडर जोडायचा असेल तर मात्र वर केलेला हिशेब पुन्हा मांडावा, कारण तेव्हा बॉक्सच्या तेलात सिलिंडरचे तेल मिळवावे लागते आणि सात घन सेंटिमीटरचा पंप त्याला पुरत नाही.

पहिल्या दिवशी जवळच्या मोकळ्या मैदानात, मग दहा-पंधरा किलोमीटर साध्या रस्त्यावर आणि त्यानंतरच घाटात जावे. नवा व्ही-बेल्ट पहिल्या काही दिवसांत सैल होतो. ३० सेंटिमीटरच्या अंतरावर अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर खाली जाईल इतका तो पुन्हा ताणावा. पाचशे किलोमीटरनंतर तेलाचा रंग, क्लॅम्प आणि दाबाच्या पाइपचे क्रिंप पाहावे, आणि हा पाइप एक्झॉस्टपासून किमान चार बोटे लांब बांधलेला आहे याची खात्री करावी. ब्रॅकेटच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. बॉनेट उघडल्यावर रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाला आहे.